इंजिनाला घातलेला हार

मी भूल देणारा डॉक्टर. लोकांना झोपवणं हा माझा व्यवसाय, आणि तो मी ऑपरेशन थिएटरबाहेरही तितक्याच मनापासून करतो, असं बायको चारचौघांत सांगते. तिचा रोख माझ्या बोलण्यावर असतो. एखादा विषय मला आवडला की तो मी समोरच्याला सांगतो, आणि समोरच्याला उठून जाता येत नसेल तर जरा जास्तच सविस्तर सांगतो.

दोन हजार चार-पाच सालच्या सुमारास माझा विषय होता एक जपानी मोटार कंपनी.

ह्याला कारण आमचं हॉस्पिटल. बर्मिंगहॅमच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशनं वेळेवर सुरू होत नसत. सर्जन नर्सकडे बोट दाखवायचे, नर्स पोर्टरकडे, आणि सगळे मिळून माझ्याकडे. मॅनेजमेंटला कुणीतरी सांगितलं की जपानी मोटारवाल्यांची काम करायची पद्धत आणा, सगळं सुरळीत होईल. मग एका हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स झाला. बाकीचे डॉक्टर बिस्किटांसाठी बसले होते. मी एकटा वहीत लिहून घेत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तो पूर्ण बाटूनच आलो.

काय ती गोष्ट! एका सुताराचा मुलगा आईला हातमागावर राबताना बघतो आणि माग सुधारायचा ध्यास घेतो. शेवटी तो असा यंत्रमाग करतो की धागा तुटला तर माग आपला आपण थांबतो. वाईट कापड विणत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं, एवढंच त्यामागचं डोकं. त्याच्या मुलाला मागाच्या कारखान्यात मोटारी करायचं वेड लागतं. मग महायुद्ध, मग कंपनी बुडायच्या बेताला, कामगारांची कपात, संप, आणि त्या मुलाने जबाबदारी घेऊन स्वतः दिलेला राजीनामा. पुढे अमेरिकेला पहिल्या गाड्या पाठवल्या, त्या तिथल्या मोठ्या रस्त्यांवर धापा टाकू लागल्या. जपानी माल म्हणजे खेळण्यातला माल, अशी तेव्हा कीर्ती. आणि मग वीस-पंचवीस वर्षांत तीच कंपनी अशी झाली की तिची गाडी बंद पडली तर माणसं गाडीऐवजी स्वतःवर शंका घेऊ लागली.

त्यांच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकतंय असं दिसलं की कुणीही ती ओढायची. अख्खी लाइन थांबते. कुणी रागावत नाही. साहेब येतो आणि 'का?' विचारतो. उत्तर मिळालं की परत 'का?' असं पाच वेळा, म्हणजे चूक मुळापर्यंत सापडते.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पाच वेळा कशाला, एकदा विचारते. डस्टबिन बाहेर का नाही ठेवलात?"

महिन्याभरात मी त्याच कंपनीची गाडी घेतली. सेकंडहँड, चंदेरी. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये आपल्या लोकांच्या गाड्या शोधायला नंबर बघावा लागत नाही. चंदेरी जपानी गाडी आणि डॅशबोर्डवर गणपती, बस. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तर मी एकदा दुसऱ्याच डॉक्टरच्या गाडीपाशी उभा राहून पाच मिनिटं किल्ली फिरवत होतो, आणि आतून त्यांच्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पण तो विषय वेगळा.

आता शेजाऱ्याबद्दल. आमच्या डाव्या हाताला जो इंग्रज राहत असे, तो शहराच्या दक्षिण टोकाच्या मोठ्या मोटार कारखान्यात एकतीस वर्षं दरवाजे बसवत होता. गाडीचे दरवाजे. बोलायला कमी, हाताने तयार. आमची छपराची गळकी पन्हळ, अडकलेली खिडकी, गॅरेजचं शटर, सगळं त्याने एकेका रविवारी दुरुस्त करून दिलं होतं, आणि त्या बदल्यात मी त्याला जपानी मोटारींचा इतिहास सांगितला होता. हा सौदा कुणाला महागात पडत होता ते मला फार उशिरा कळलं.

कारण पुढच्याच वसंतात त्याचा कारखाना बंद झाला. एका आठवड्यात. कंपनीच बुडाली. लोक गेटबाहेर उभे राहून आपल्याच कपाटातल्या वस्तू पिशव्यांतून नेत होते, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. त्याचं वय त्रेपन्न. उन्हाळाभर तो एका व्हॅनमधून लोकांची पार्सलं पोचवत होता. आणि मी? मी कुंपणावरून त्याला समजावत होतो की जपानी लोकांचं नेमकं काय बरोबर होतं.

आज आठवलं की कानशिलं तापतात. तो कुंपणाच्या झुडपांची हेज कापत असायचा, मी बोलत असायचो. एकदाच त्याने कात्री थांबवली.

"डॉक, सत्तरच्या दशकात आमच्या साहेबांनी एक जपानी गाडी विकत आणली. कारखान्यात मधोमध ठेवून सुटी केली. सगळ्यांनी बघायचं आणि हसायचं म्हणून. सकाळी हसलो. पत्रा पातळ, सीट प्लास्टिकच्या. दुपारी फोरमन म्हणाला, दरवाजा लावून बघ. मी एका बोटाने ढकलला."

"मग?"

"लागला." तो परत हेज कापायला लागला. "आमचा दरवाजा लावायला मला एक लाकडी हातोडा आणि उजवा गुडघा लागायचा. रोज. प्रत्येक गाडीला. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला काही बोललो नाही."

ही गोष्ट ऐकून गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "बघ! मी सांगत होतो ना!"

सप्टेंबरच्या शेवटी तो स्वतः कुंपणापाशी आला. हातात पत्र. त्या जपानी कंपनीचा इंग्लंडमधला कारखाना आमच्यापासून उत्तरेला तासाभरावर होता. तिथे जागा निघाल्या होत्या आणि त्याला मुलाखतीला बोलावलं होतं. तेरा ठिकाणी अर्ज केले होते त्याने. बोलावणं आलेलं हे पहिलंच.

"शेवटचंही हेच असणार," तो म्हणाला. "ह्या वयात परत कोण बोलावतं?"

त्याची स्वतःची गाडी त्याच्याच कारखान्यात झालेली. ती वार्षिक तपासणीत नापास झाली होती आणि लागणारा भाग मिळत नव्हता, कारण तो बनवणारेच राहिले नव्हते. म्हणून त्याने ट्रेन आणि पुढे बस, असा प्रवास नीट कागदावर लिहून काढला होता. अकराच्या मुलाखतीला तो साडेनऊला पोचणार होता.

"ट्रेन?" मी म्हणालो. "त्यांच्या गेटमधून आत जायचं तर त्यांच्याच गाडीतून जा! मी सोडतो तुला. बंद पडायचा प्रश्नच नाही. ह्या गाडीला काही होतच नाही."

तो नको म्हणाला. मी आग्रह केला. तो परत नको म्हणाला. मी परत आग्रह केला. आपल्याकडे तिसऱ्या आग्रहाला माणूस हो म्हणतो, आणि हा बिचारा इतकी वर्षं आमच्या शेजारी राहून ही रीत शिकला होता.

मुलाखत गुरुवारी. बुधवारी दसरा.

मी दोन्ही दिवस स्टडी लीव्ह टाकली होती, म्हणजे अभ्यासासाठीची सुट्टी. बायको सोहो रोडवरच्या देशी बाजारातून झेंडूची फुलं घेऊन आली. दोन हार केले, एक देवाला, एक गाडीला. दरवर्षी मी गाडीचा हार बॉनेटवर ठेवून, कुंकू लावून, नारळ फोडून मोकळा होत असे. त्या वर्षी मात्र माझ्या अंगात कोर्स होता.

मला वडिलांचं वर्कशॉप आठवलं. पिंपरीत ते लेथवर होते. दसऱ्याला ते हार दाराला किंवा शेडला घालत नसत, खुद्द यंत्राला घालत. लेथच्या चकाला, ड्रिलला. मग मोटारीत यंत्र कोणतं? बॉनेट म्हणजे तर नुसतं झाकण! पूजा करायची तर इंजिनाची. मी बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू लावलं, हार रेडिएटरच्या वरून आत सोडून दोन्ही बाजूंना छान बांधला. दोराही पक्का घेतला होता. तुटू नये म्हणून.

शेजारी कुंपणापलीकडून बघत होता.

"डॉक, हे काय?"

ह्या प्रश्नाची मी वर्षभर वाट बघत होतो. यंत्राचा मान म्हणजे काय, आमच्याकडे आणि जपानमध्ये, इथून मी सुरुवात केली. मागापर्यंत आलो. युद्धापर्यंत आलो. उद्याच्या मुलाखतीची उजळणीही घेतली.

"समज त्यांनी विचारलं, दरवाजा नीट बसत नसेल तर काय कराल?"

"हातोडा."

"नाही!"

"गुडघा."

"अरे, दोरी! दोरी ओढायची. लाइन थांबवायची."

त्याने कुंपणावर दोन्ही हात टेकले. मग म्हणाला, "आमच्याकडे एकतीस वर्षांत मी लाइन एकदाच थांबवली. पोराचा हात अडकत होता एका. फोरमनने मला तीन दिवस घरी बसवलं. लाइन थांबवायची नाही, डॉक. हे हाडात गेलंय. तोंडाने दोरी म्हणेन मी उद्या. पण हात जाईल का वर, मला माहीत नाही."

मला तेव्हा कंपनीचा अमेरिकेतला प्रवास सांगायचा राहिला होता, म्हणून मी त्याकडे वळलो. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन हाका मारल्या. चौथ्या हाकेला, "अहो, पुऱ्या गार झाल्या आणि आता श्रीखंड पण गरम होईल," असं ऐकू आलं. मी बॉनेट दाणकन लावलं आणि आत गेलो.

हार? हार आतच होता.

गुरुवारी सकाळी शेजाऱ्याची बायको दाराशी उभी होती. त्याच्या कोटाची कॉलर तिने दोनदा सरळ केली. मला म्हणाली, "डॉक्टर, ह्याला वेळेवर पोचवा हं. बाकी काही नको."

"तासभर आधी पोचू!" मी म्हणालो.

आणि पोचलो असतो. मोटरवेवर गाडी लोण्यासारखी धावली. मी आनंदाने बोलत होतो, तो मांडीवर फाइल धरून बसला होता. शेवटचे आठ-दहा मैल राहिले आणि पुढे रस्त्याचं काम निघालं. केशरी डब्यांची रांग, दोनाची एक लेन, आणि गाड्या गोगलगायीसारख्या. वीस मिनिटं आम्ही कधी चालतोय, कधी थांबतोय. वेळ मात्र भरपूर होता.

प्रथम वास आला. गोडसर, करपलेला. मला वाटलं पुढच्या लॉरीतून येतोय.

"डॉक, काटा बघ."

"कुठला काटा?"

"टेंपरेचरचा. वर चाललाय."

मी बघितलं. तापमानाचा काटा खरंच लाल रेघेकडे निघाला होता. "काटा चुकीचा असेल," मी म्हणालो.

"काटा चुकीचा?"

"ह्या गाड्यांना असं होत नाही रे. अजून सहा-सात मैल. आरामात जाईल."

"थांबव."

"अरे, तुझी मुलाखत आहे! आत्ता थांबलो तर—"

"कुणाची मुलाखत आहे ते मला माहीत आहे. थांबव गाडी. इंजिन जाईल."

"काही नाही जात, ही कंपनी—"

"डॉक!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यावर ओरडला. "डावीकडे लेबाय आहे. आत घे. बंद कर. आत्ता."

रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायला एक लांबट जागा होती, तिथे मी गाडी घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याने कोट काढून घडी करून मागच्या सीटवर ठेवला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. बॉनेट उघडलं. आणि नुसता बघत उभा राहिला.

मी मागून डोकावलो. रेडिएटरच्या मागे जो पंखा असतो, गाडी रेंगाळली की रेडिएटर थंड ठेवायला फिरतो तो, त्याने माझा हार आत ओढून घेतला होता. दोरा त्याच्या आसाभोवती असा गच्च गुंडाळला होता की पंखा जागच्या जागी थिजला होता. पाती झेंडूने भरलेली. काही फुलं इंजिनावर पडून भाजून निघाली होती. वास त्यांचा होता.

मोटरवेवर वारा लागत होता तोवर पंख्याची गरजच पडली नव्हती. वडिलांच्या वर्कशॉपमधली एक बारीक गोष्ट मला त्या क्षणी आठवली. दसऱ्याला लेथला हार घालत, आणि त्या दिवशी लेथला कुणी हात लावत नसे. यंत्र बंद असे.

"एकतीस वर्षं," शेजारी शांतपणे म्हणाला. "इंजिनात मी उंदीर बघितलाय. सँडविच बघितलंय. एकदा फोरमनचे दात बघितले. फुलं पहिल्यांदा."

रोज सकाळी पेशंटला हात लावण्याआधी मी भुलीचं यंत्र नळीपासून नळीपर्यंत तपासतो. एक दिवस चुकवलेला नाही. आणि ज्या गाडीत ह्या माणसाचं पुढचं आयुष्य बसलं होतं, तिचं बॉनेट मी सकाळी उघडूनही पाहिलं नव्हतं. काही होतच नाही ना तिला!

काहीतरी करावं म्हणून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. त्याने फटकन माझ्या मनगटावर मारलं.

"पोळशील! हात खिशात घाल. दोन्ही."

मी घातले. तो खिशातला चाकू काढून एकेक फेर कापायला लागला. इंजिन निवेपर्यंत पाणी घालता येणार नव्हतं, तेव्हा अर्धा तास तरी तिथेच जाणार होता. त्याने मला आपला फोन दिला आणि कारखान्याच्या रिसेप्शनला कळवायला सांगितलं.

"गाडी बंद पडलीये," मी म्हणालो. "आम्हाला उशीर होईल."

"कोणती गाडी आहे?" मुलीने विचारलं. मदत पाठवायची असेल बहुतेक.

"तुमचीच."

मग ती म्हणाली, "एक मिनिट हं, मी कुणालातरी देते."

बायकोने दिलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या रेडिएटरमध्ये गेल्या. इंजिनाची उष्णता निघून जावी म्हणून हिटर पूर्ण उघडा ठेवून, खिडक्या खाली करून, त्याच्या सांगण्याप्रमाणे सावकाश आम्ही गेटपाशी पोचलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. त्याचे हात कोपरापर्यंत काळे आणि केशरी. शर्टाच्या कफावर झेंडूचा डाग. उतरताना तो एवढंच म्हणाला, "डॉक, तू गाडीतच बस. कुणाशी बोलू नकोस."

मी बसलो. प्रार्थना करावी असं वाटलं, पण डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघायची हिंमत होईना.

पाऊण तासाने काचेवर टकटक झाली. बाहेर राखाडी जाकिटातले एक जपानी गृहस्थ, एक इंग्रज बाई आणि त्यांच्यामागे माझा शेजारी. तो माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत होता.

"माफ करा," ते गृहस्थ म्हणाले. "ह्यांनी उशिराचं कारण सांगितलं. आम्हाला नीट कळलं नाही. बघू शकतो?"

मी बॉनेट उघडलं. उरलेला हार अजून आतच होता, हळदकुंकवासकट. ते वाकले. एक फूल उचललं, हुंगलं, परत जागेवर ठेवलं.

"पंखा थांबला. का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नाही, थट्टा नाही. डॉक्टर विचारतो तसं.

"दोरा अडकला."

"दोरा आत होता. का?"

"मी हार बांधला होता. आमच्याकडे वर्षातून एकदा यंत्राची पूजा करतात."

त्यांनी मान हलवली. "आमच्याकडेही नवीन वर्षाला गाडीला गवताची माळ बांधतात," ते म्हणाले. "बाहेरून."

इंग्रज बाईने खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"हार नंतर काढला नाही. का?"

"विसरलो. घाईत बॉनेट लावलं."

"घाई. का?"

"जेवण गार होत होतं. मला... उशीर झाला होता."

"उशीर झाला. का?"

पाचवा 'का' होता तो. मी मोजत होतो. कोर्समध्ये शिकवलं होतं की पाचव्या उत्तरात मूळ कारण असतं, आणि मला ते स्वच्छ दिसत होतं. मी शेजाऱ्याकडे बघितलं. तो आता आभाळाकडे बघत नव्हता.

"मी ह्याला इतिहास सांगत होतो," मी म्हणालो.

"कशाचा?"

"तुमच्या कंपनीचा."

मग त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ह्याचा मी पुढे अनेक रात्री विचार केला आहे.

मी निघणार एवढ्यात ते परत वळले. "काटा वर गेला तेव्हा गाडी कुणी थांबवली?"

इथे मी आयुष्यात एकदाच थोडक्यात बोललो. "ह्याने. मी नको म्हणत होतो. दोनदा. मुलाखत चुकेल म्हणून." आणि मग राहवेना म्हणून जोडलं, "तो ओरडला माझ्यावर. बरं केलं."

शेजारी लाल झाला. "इंजिन गेलं असतं," तो पुटपुटला, जणू माफी मागतोय.

परतीच्या वाटेवर तो गाडी चालवत होता, मी बाजूला बसलो होतो. ही मागणी त्याची. बर्मिंगहॅम येईपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. घराशी आल्यावर त्याच्या बायकोने दार उघडलं आणि त्याच्या कफाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपासून सुटायला मी भूल द्यायला तयार होतो, स्वतःलाच.

पुढचे पंधरा दिवस मी कुंपणाकडे फिरकलो नाही. डस्टबिन वेळेवर बाहेर ठेवले. बायको म्हणाली, "घर किती शांत झालंय," आणि मग माझा चेहरा बघून, "मी फुलं आणायलाच नको होती," असंही म्हणाली. ती चूक तिची नव्हती, आणि हे मी तिला सांगितलं. मी असं कबूल केलेला दिवस म्हणून तिने कॅलेंडरवर खूण करायला हवी होती.

सोळाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, बेल वाजली. शेजारी. इतक्या वर्षांत तो आमच्या घरात कायम पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायचा. ह्या वेळी हातात नुसता लिफाफा होता. बायकोने त्याला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं, चहा ठेवला, चिवड्याची बशी पुढे केली.

"सहा महिन्यांचं काम," तो म्हणाला. "तात्पुरतं. मग बघू म्हणतात. सोमवारपासून. दरवाजेच."

बायकोने टाळी वाजवली. मी खुर्चीतून उठलो, परत बसलो. माझ्या डोक्यात एकदम शंभर वाक्यं जमली, सहा महिन्यांच्या कंत्राटांचा इतिहास, त्या कंपनीची माणसं घडवायची पद्धत, सगळं.

पण तो हसत नव्हता. लिफाफ्याची कड नखाने सरळ करत होता.

"डॉक, काल दिवसभर चाचणीला बोलावलं होतं. तिथे ट्रेनिंग देणारी पोरगी चोवीस वर्षांची आहे. मला दाखवलं तिने, कसं करायचं. मी जे जे करायला गेलो ते सगळं चुकीचं होतं. स्क्रू उचलायचा हातसुद्धा. एकतीस वर्षं चुकीच्या हाताने उचलत होतो म्हणे." त्याने चहाचा घोट घेतला. "सगळं पहिल्यापासून शिकायचं. जमेल मला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानेही पाहिलं.

जमेल, नक्की जमेल, असं मी रोज सकाळी थिएटरमध्ये दहा जणांना सांगतो. ते झोपायच्या आधी ऐकतात आणि मग त्यांना काही करायचं नसतं. ह्याला सोमवारी उठून जायचं होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मग खुर्ची पुढे ओढून त्याने चिवड्याची बशी जवळ घेतली, त्यातले शेंगदाणे तेवढे निवडून खायला लागला, आणि ती पोरगी नेमकं काय काय म्हणाली ते सांगू लागला. सविस्तर. संध्याकाळ होईपर्यंत. मी ऐकत होतो.